पाहिलेले, ऐकलेले आणि लिहिलेले : १८५७ च्या आठवणी कशा वाचाव्यात?

१/
मार्च १८५८ मध्ये झाशीवर तोफांचा मारा सुरू होता, तेव्हा शहराच्या कोटाआत कोकणातला एक भिक्षुक अडकून पडला होता. तो शिपाई नव्हता, मुत्सद्दी नव्हता आणि बंडाशी त्याचा काही संबंधही नव्हता. घरावर कर्ज झाले होते. उत्तरेत मोठी दक्षिणा मिळेल असे कानावर आले, म्हणून तो निघाला होता. त्याचे नाव विष्णुभट गोडसे आणि गाव पेणजवळचे वरसई. झाशीत त्याने जे पाहिले ते पुढे त्याच्याच हातून कागदावर उतरले आणि ‘माझा प्रवास’ या नावाने मराठीत राहिले.

२/
१८५७ विषयी वाचू पाहणाऱ्यापुढे दोन जातीची पुस्तके येतात. काही त्या काळातून गेलेल्या माणसांच्या आठवणी असतात. काही अशा अनेक आठवणी, पत्रे आणि दफ्तरे एकत्र करून नंतरच्या लेखकांनी सांगितलेला सलग इतिहास असतो. ‘स्वतः पाहिले’ म्हटले की ते खरेच असणार, ही पहिल्या जातीविषयीची समजूत. ‘संशोधन करून लिहिले’ म्हटले की त्यात लेखकाची स्वतःची बाजू नसणार, ही दुसऱ्या जातीविषयीची. या धाग्यात दोन्ही जातींची काही पुस्तके तपासून पाहिली आहेत, आणि या दोन्ही समजुती टिकत नाहीत.

३/
तपासणीसाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. साक्षीदार नेमका कुठे उभा होता? त्याने केव्हा आणि कोणाच्या सत्तेखाली लिहिले? आणि त्याचा मजकूर वाचकापर्यंत कोणाच्या हातून आला? तिन्ही प्रश्न साधे दिसतात. पण त्यांची उत्तरे शोधू लागले की ओळखीचे पुस्तकही वेगळे वाटू लागते.

४/
प्रथम विष्णुभट. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, ही बातमी कोकणात पोहोचली. विष्णुभट तेव्हा सुमारे तीस वर्षांचे होते. घरच्यांची मने वळवून १८५७ च्या आरंभी ते काकांबरोबर पायी निघाले. महूच्या परिसरात त्यांना काही शिपाई भेटले. मोठी उलथापालथ होणार आहे, परत फिरा, असा सल्ला त्यांनी दिला. काका-पुतण्यांनी तो मानला नाही. कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला घरी परतणे हेही संकटच असते, हे या प्रसंगातून फारसे न सांगता कळते.

५/
आता पहिला प्रश्न : हा साक्षीदार कुठे उभा होता? उत्तर भिक्षुकाच्या जागेवर. त्यामुळे त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही हे ठरून जाते. कोणत्या घरी भोजन झाले, कोणत्या संस्थानात दक्षिणेची रीत काय, कोणत्या घाटावर स्नान घडले याचे तपशील तो बारकाईने देतो. सैन्याची रचना, सेनापतींचे बेत, तहाच्या वाटाघाटी यांतले त्याला फारच थोडे ठाऊक आहे. जातिभेदाच्या त्याच्या समजुतीही त्या काळच्या आणि त्या वर्गाच्याच आहेत. त्या झाकून ठेवण्याची गरज त्याला भासलेली नाही.

६/
या जागेचा एक लाभ मात्र अनपेक्षित आहे. विष्णुभट उत्तरेत जातात तिथे त्यांना मराठी घर सापडते. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, बिठूर अशा ठिकाणी आधीच्या पिढ्यांत गेलेली मराठी कुटुंबे वस्ती करून होती. त्यांचे नातेसंबंध, सणवार आणि पंक्तिव्यवहार कोकणाशी आणि पुण्याशी जोडलेले होते. लष्करी इतिहासात हे जाळे दिसत नाही. एका पुरोहिताच्या मुक्कामांच्या यादीतून मात्र बुंदेलखंडातला मराठी समाज उभा राहतो.

७/
झाशीत विष्णुभट काही महिने राहिले. राणी लक्ष्मीबाईंच्या दिनक्रमाचे, त्यांच्या व्यायामाचे, घोडेस्वारीचे, कधी पुरुषी तर कधी स्त्रीवेषात दरबारात येण्याचे वर्णन त्यांनी केले आहे. राजवाड्यातल्या धर्मकृत्यांच्या निमित्ताने त्यांचा तिथे वावर होता. म्हणजे हा भाग पाहिलेला आहे. पण राणीचे पती गंगाधरराव यांच्या कारकिर्दीविषयी जे प्रवाद त्यांनी नोंदवले आहेत, ते ऐकीव आहेत. गंगाधररावांचे निधन नोव्हेंबर १८५३ मध्ये झाले. विष्णुभट झाशीत आले त्याच्या चार वर्षांनी. एकाच पुस्तकात, एकाच ओघात, दोन वेगळ्या दर्जाचे पुरावे शेजारी शेजारी बसलेले असतात, ते असे.

८/
ऐकीव म्हणून एखादी गोष्ट टाकाऊ ठरते का? बंडाचे कारण सांगताना विष्णुभट एक हकीकत देतात. इंग्रजांनी हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही धर्माविरुद्ध चौऱ्याऐंशी कलमे तयार केली आणि ती राजेरजवाड्यांपुढे कलकत्त्यास मांडली, अशी ती हकीकत. अशी सभा भरल्याचा पुरावा नाही. घटना म्हणून ही नोंद चुकीची आहे. पण १८५६ मध्ये विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. त्याच वर्षी नव्या शिपायांना समुद्रापार जाण्यास बांधून घेणारा नियमही आला होता. झाशी, सातारा, नागपूर ही संस्थाने खालसा झाली होती. या खऱ्या गोष्टी रस्त्यावर, धर्मशाळेत आणि छावणीत पोहोचेपर्यंत त्यांची चौऱ्याऐंशी कलमे झाली.

९/
म्हणून विष्णुभटांची ही चूक इतिहासकाराला मोलाची आहे. सरकार काय करत होते हे सरकारी कागदांवरून कळते. सरकार काय करणार आहे असे लोकांना वाटत होते, हे मात्र अशा आठवणींतूनच कळते. माणसे पुष्कळदा त्या वाटण्यावरच जीव धोक्यात घालतात. अफवा खरी नसली, तरी ती पसरली होती ही वस्तुस्थिती असते.

१०/
झाशीचा वेढा हा ‘माझा प्रवास’चा गाभा आहे. सर ह्यू रोझ मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात झाशीपुढे आला. १ एप्रिल १८५८ रोजी बेतवेकाठी तात्या टोपे यांच्या कुमकेचा पराभव झाला आणि ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात शिरली. लष्करी इतिहासात या तारखांबरोबर एक प्रकरण संपते. विष्णुभटांच्या पुस्तकात खरे प्रकरण इथून सुरू होते. गल्लीबोळांतली कत्तल, लपून बसलेली माणसे, जळणारी घरे आणि शहरभर पसरलेले मृतदेह यांचे वर्णन ते करतात. घराघरातून सैनिक पैसा काढून घेत होते, आणि विष्णुभटांची कमाईही त्यातच गेली.

११/
लुटीचा क्रमही त्यांनी नोंदवला आहे. आधी सोने-नाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता आणि धान्य, असे शहर थराथराने रिकामे होत गेले. झाशीच्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली, त्याचे दुःख तर ते विशेष मांडतात. पोथीवर पोट असलेल्या माणसाला पोथ्यांचा नाश ठळक दिसावा यात नवल नाही. सेनापतीच्या अहवालात अशा नुकसानीला रकाना नसतो. झाशीत त्या दिवसांत सामान्य रहिवाशांवर काय गुदरले याचा आतून सांगितलेला एवढा सविस्तर वृत्तांत दुर्मीळ आहे. तो एका अडकून पडलेल्या भिक्षुकामुळे उरला.

१२/
पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी राणी आणि विष्णुभट यांची अचानक भेट झाली. राणी पुरुषी वेषात, धुळीने माखलेल्या आणि तहानलेल्या होत्या. विष्णुभटांनी पाणी काढून देऊ केले, पण ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून राणींनी स्वतः पाणी काढून घेतले. प्रसंग एवढाच आहे. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणींना वीरमरण आले, तेव्हा मात्र विष्णुभट तिथे नव्हते. तो भाग त्यांनी ऐकून लिहिला. त्या मृत्यूची तारीखही कुठे १७ जून तर कुठे १८ जून अशी दिली जाते. विहिरीचा प्रसंग आणि मृत्यूचा प्रसंग सारख्याच विश्वासाने वाचणे योग्य नाही.

१३/
दुसरा प्रश्न : केव्हा लिहिले? विष्णुभट सुमारे अडीच-तीन वर्षांनी, खांद्यावर गंगेची कावड घेऊन वरसईस परतले. लेखन झाले १८८३ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर पाव शतकाने. कल्याणच्या वैद्य घराण्याचे ते उपाध्याय होते. त्या घराण्यातील चिंतामणराव वैद्य, पुढे महाभारताचे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध झालेले, यांच्या आग्रहावरून हे लेखन झाले. पाव शतकात स्मृती पुसट होते, क्रम बदलतात, नंतर ऐकलेल्या गोष्टी आधीच्या वाटू लागतात. शिवाय लिहिताना राज्य इंग्रजांचेच होते. बंडाच्या आठवणी काढणे तेव्हा निर्धोक नव्हते.

१४/
मग ताबडतोब लिहिलेल्या आठवणी अधिक विश्वसनीय म्हणाव्यात का? याची कसोटी दिल्लीत सापडते. मिर्झा गालिब १८५७ मध्ये दिल्लीतच होते आणि त्या दिवसांविषयी त्यांनी ‘दस्तंबू’ हे फारसी पुस्तक लिहिले. ते १८५८ मध्येच आग्र्याहून छापून निघाले. घटना आणि लेखन यांत अंतर जवळपास नाही. लेखक त्या काळातला सर्वांत मोठा कवी. तरीही माहितीच्या दृष्टीने ‘दस्तंबू’ अतिशय जपून वाचावे लागते.

१५/
कारण दुसऱ्या प्रश्नाचा उत्तरार्ध : कोणाच्या सत्तेखाली? गालिब बादशहाच्या दरबाराशी जोडलेले होते. बंडानंतर त्यांच्यावर संशय होता आणि इंग्रजांकडून मिळणारे निवृत्तिवेतन थांबले होते. आपण बंडखोरांच्या बाजूचे नव्हतो हे दाखवणे त्यांना भाग होते. ‘दस्तंबू’ची प्रत इंग्रज अधिकाऱ्यांकडे पोहोचावी हाच त्यामागचा एक हेतू होता. बंडखोरांविषयीचा त्यातला कठोर सूर या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. मित्रांना लिहिलेल्या त्यांच्या उर्दू पत्रांत उजाड झालेल्या दिल्लीचा जो शोक आहे, तो या पुस्तकात आवरून धरलेला आहे.

१६/
गालिब कुठे उभे होते हेही पाहण्यासारखे आहे. त्यांचे घर बल्लीमारान भागात होते. त्या गल्लीत पतियाळाच्या महाराजांच्या पदरी असलेले हकीम राहत असत आणि महाराज इंग्रजांच्या बाजूचे होते. त्यामुळे दिल्ली पडल्यावर त्या गल्लीवर पतियाळाचे पहारे बसले आणि ती लुटीतून वाचली. म्हणजे शेजारचे शहर उद्ध्वस्त होत असताना कवी बंद गल्लीत होता. त्याच्या भावाचा मृत्यू त्याच दिवसांत झाला. ‘दस्तंबू’मध्ये त्याचे कारण आजार असे दिले आहे, इतरत्र तो गोळी लागून मारला गेला असेही सांगितले जाते. सख्ख्या भावाच्या मृत्यूविषयीही मोकळेपणाने लिहिता येत नसेल, तर त्या लेखणीवर केवढे दडपण असेल!

१७/
विष्णुभट आणि गालिब शेजारी ठेवले की एक गोष्ट उमगते. काळाचे अंतर जसे स्मृती बिघडवते, तसेच ते भीतीही थोडी कमी करते. गालिबांची स्मृती ताजी होती आणि हात बांधलेले होते. विष्णुभटांची स्मृती जुनी होती, पण गमावण्यासारखे त्यांच्यापाशी थोडेच होते. बादशहाच्या दरबारातील तरुण कवी जहीर देहलवी यांनी आपल्या आठवणी वार्धक्यात लिहिल्या. त्यांत दिल्ली सोडून पळालेल्या माणसांची परवड अधिक मोकळी येते, तिचेही हेच कारण असावे.

१८/
तिसरा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही : मजकूर कोणाच्या हातून आला? ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रथम छापला गेला, तेव्हा विष्णुभट हयात नव्हते. संपादक वैद्यांनी भाषा तत्कालीन सुशिक्षितांच्या वळणाची केली, काही मजकूर गाळला, काही बदलला. राजद्रोहाचा ठपका येण्याची भीती खरी होती आणि ग्रांथिक अभिरुचीचा आग्रहही खरा होता. पण परिणाम असा झाला की पुढची साठ वर्षे मराठी वाचकाने विष्णुभटांचा आवाज वैद्यांच्या शब्दांत ऐकला.

१९/
सुदैवाने मूळ हस्तलिखित नष्ट झाले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपले गेले आणि १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ संहिता प्रसिद्ध केली. तिच्यातील मराठी वेगळीच आहे. लांबलचक, एकाला एक जोडलेली वाक्ये, बोलण्याची लय, ओघात येणारे प्रवाद आणि संकोच न बाळगता सांगितलेल्या गोष्टी. १९०७ ची आवृत्ती सुबक आहे आणि सहज वाचता येते. पण पुरावा म्हणून १९६६ ची संहिताच धरावी लागते. दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून एखादे प्रकरण ताडून पाहणे हा नव्या अभ्यासकासाठी उत्तम धडा आहे.

२०/
हस्तलिखित उरले नाही तर काय होते, याचे उदाहरण सीताराम पांडे यांच्या आत्मकथेत मिळते. अवधचा हा शिपाई कंपनीच्या फौजेत दीर्घकाळ होता, बंडात तो इंग्रजांशी एकनिष्ठ राहिला आणि सुभेदार झाला, असे ते पुस्तक सांगते. नॉरगेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केलेला इंग्रजी अनुवाद १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अनेक पिढ्यांच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तो वाचला. पण ज्यावरून अनुवाद केला ते मूळ लेखन अभ्यासकांच्या हाती आलेले नाही. शिपाई बोलतो आहे की अधिकाऱ्याला ऐकावासा वाटणारा शिपाई बोलतो आहे, हा वाद त्यामुळे मिटत नाही.

२१/
आता दुसरी जात : सलग सांगितलेला इतिहास. राणी लक्ष्मीबाईंचे पहिले महत्त्वाचे मराठी चरित्र दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्यापुढचा प्रश्न नाजूक होता. जून १८५७ मध्ये झाशीच्या जोखनबागेत इंग्रज स्त्रीपुरुष आणि मुले मारली गेली, त्याचा दोष इंग्रज लेखक राणीवर ठेवत होते. राणींनी १२ आणि १४ जून १८५७ रोजी कमिशनर अर्स्किन याला पत्रे लिहून ही कृत्ये शिपायांची असल्याचे कळवले होते. सुरुवातीला अर्स्किनने राज्यकारभार सांभाळण्यास राणींना मान्यताही दिली होती. पारसनिसांनी राणींची निर्दोषता मांडली.

२२/
पंधरा वर्षांनी, १९०९ मध्ये, विनायक दामोदर सावरकरांचा १८५७ वरचा ग्रंथ इंग्रजीत निनावी प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये इंग्रजांचीच पुस्तके वाचून, त्यांतील घटना उलट बाजूने लावून तो लिहिला होता. पारसनिसांची राणी अन्याय सोसून, नाइलाजाने शस्त्र उचलते. सावरकरांची राणी स्वातंत्र्ययुद्धाची नायिका आहे. घटना बहुतांशी त्याच, राणीही तीच. मधल्या पंधरा वर्षांत वाचक बदलला होता. पहिल्या लेखकाला राणीचे नाव इंग्रजी राज्यातील वाचकापुढे निष्कलंक करायचे होते, दुसऱ्याला तरुणांना लढ्यासाठी उभे करायचे होते.

२३/
राणीचे झाशी न सोडण्याविषयीचे वाक्य आज शाळकरी मुलांनाही पाठ आहे. ते कुठून आले? जॉन लँग या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या वकिलाच्या आठवणींतून. १८५४ मध्ये झाशी खालसा झाल्यावर राणींनी सल्ल्यासाठी त्याला बोलावले होते आणि १८५९ च्या आपल्या पुस्तकात त्याने ती भेट वर्णन केली. पडद्याआडून चाललेल्या, कायद्याच्या सल्ल्याच्या बैठकीतले ते उद्गार होते. नंतरच्या कथनांनी ते १८५८ च्या तटबंदीवर नेऊन ठेवले. वाक्य खोटे ठरत नाही, पण त्याची जागा बदलली. अर्ज-विनंत्यांचा मार्ग धरणारी, कायद्याने लढू पाहणारी राणी या जागाबदलात मागे पडली.

२४/
शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९५७ मध्ये, सुरेंद्रनाथ सेन यांचा ग्रंथ सरकारच्या पुढाकाराने निघाला आणि मौलाना आझादांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी रमेशचंद्र मजुमदारांनी आपला स्वतंत्र ग्रंथ काढून या उठावाला राष्ट्रीय युद्ध म्हणण्यास विरोध केला. त्याआधी एक वर्ष महाश्वेतादेवींनी बंगालीत झाशीच्या राणीचे चरित्र लिहिले. झाशीच्या परिसरात हिंडून, लोकगीते आणि लोककथा गोळा करून लिहिलेले ते त्यांचे पहिले पुस्तक. एकाच राणीविषयी दफ्तर काय म्हणते आणि गावकऱ्यांचे गाणे काय म्हणते, हे दोन्ही त्या दोन वर्षांत वाचकांपुढे आले.

२५/
अलीकडच्या काळात तरुण वाचकांपर्यंत सर्वाधिक पोहोचलेले पुस्तक म्हणजे विल्यम डॅलरिंपल यांचे ‘द लास्ट मुघल’ (२००६). दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील बंडकाळातले हजारो फारसी-उर्दू कागद त्यासाठी महमूद फारुकी यांच्या साहाय्याने वापरले गेले. त्यामुळे त्यात बादशहाबरोबर दुकानदार, कोतवाल आणि लुटले गेलेले नागरिकही बोलतात. फारुकींनी पुढे २०१० मध्ये त्या कागदांचे अनुवाद स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. ज्याला डॅलरिंपल यांची गोष्ट पटत नाही, त्याला आता मूळ तक्रारअर्ज निदान अनुवादात तपासता येतात. कथनात्मक इतिहासाने वाचकाला द्यावी अशी ही मोठी सोय आहे.

२६/
या पुस्तकाची मर्यादाही त्याच्या जागेतून येते. त्याचा केंद्रबिंदू दिल्ली आणि बहादूरशहा जफर. सप्टेंबर १८५७ मध्ये दिल्ली पडते, बादशहावर खटला चालतो, त्याची रंगूनला रवानगी होते आणि उठावाची गोष्ट जणू संपते. पण लढाई तिथे संपली नव्हती. काल्पी मे १८५८ मध्ये पडली, ग्वाल्हेर जूनमध्ये, आणि तात्या टोपे एप्रिल १८५९ पर्यंत इंग्रज फौजांना झुलवत राहिले. केवळ दिल्लीवरून १८५७ वाचणाऱ्याला नर्मदा-बेतवेकाठचे हे युद्ध तळटीप वाटेल. इतिहासकारही कुठेतरी उभा असतो. पहिला प्रश्न त्यालाही लागू पडतो.

२७/
मग उत्तम कथनात्मक इतिहास ओळखावा कसा? त्यात साक्षीदारांची नावे आणि जागा दिसत राहतात. कोण पाहून सांगतो आहे, कोण ऐकून, हे वाचकाला कळते. दोन साक्षी जुळत नसतील तर तेही कळते. गोष्ट रंगावी म्हणून जो लेखक हे सांधे बुजवतो, त्याचे पुस्तक वेगाने वाचून होते आणि त्यावर वाद घालणे अवघड जाते. जो सांधे उघडे ठेवतो, त्याच्या पुस्तकाशी असहमत होता येते. पुढच्या अभ्यासाची सुरुवात बहुधा अशा असहमतीतूनच होते.

२८/
हा सारा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारू शकेल. झाशीत एप्रिल १८५८ मध्ये मेलेल्या सामान्य माणसांपैकी बहुतेकांची नावे आज कुणालाही ठाऊक नाहीत. विजेत्यांच्या अहवालांत ते आकडे आहेत. नंतरच्या स्फूर्तिदायक कथनांत ते राणीच्या शौर्याची पार्श्वभूमी आहेत. त्यांच्या बोळात, त्यांच्याबरोबर जीव मुठीत धरून लपलेल्या एका माणसाने मात्र त्यांच्याविषयी लिहून ठेवले. त्याच्या चुका, त्याचे पूर्वग्रह आणि त्याच्या ऐकीव गप्पा यांच्यासह ते जपणे, आणि त्यातले पाहिलेले नि ऐकलेले वेगळे करणे, हे त्या माणसांविषयीचे किमान कर्तव्य आहे.

२९/
नव्या वाचकाने सुरुवात ‘माझा प्रवास’च्या १९६६ च्या संहितेपासून करावी. भाषा पहिल्या वीस-पंचवीस पानांत अडेल, मग सवय होईल. हाताशी एक वही असावी आणि प्रत्येक मोठ्या प्रसंगापुढे दोनच अक्षरे लिहावीत : ‘पा’ किंवा ‘ऐ’. पाहिलेले की ऐकलेले. त्यानंतर पारसनीस, मग सेन किंवा डॅलरिंपल. या क्रमाने वाचले तर मोठे ग्रंथ उघडण्याआधीच वाचकाजवळ स्वतःचे प्रश्न तयार असतात.

३०/
वरसईचा तो भिक्षुक धन मिळवायला गेला होता. परतला तेव्हा त्याच्या खांद्यावर गंगाजल होते आणि पदरी फारसे काही नव्हते. दक्षिणेची ती आशा फळली नाही, यज्ञ राहिला बाजूला. पण त्या फसलेल्या प्रवासाने मराठीला १८५७ ची अशी साक्ष दिली की दीडशेहून अधिक वर्षांनंतरही प्रत्येक नव्या इतिहासाला तिच्याशी आपला मेळ घालून पाहावा लागतो.